टाकी घरी बदलता येते, पण पेट्रोल कुठे काढायचं ते कोणी सांगत नाही

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निगडीला राहतो, भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये फिटर आहे, बावीस वर्षं झाली. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय. विषय वाचून वाटेल हा काय विषय झाला, स्पोर्ट्स बाईकची पेट्रोलची टाकी घरी बदलणं, पण गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जे होता होता राहिलं त्यानंतर मला नीट झोप लागत नाहीये, म्हणून लिहितोय. लांबलं तर खुशाल कापा, फक्त पेट्रोलचा भाग कापू नका एवढी विनंती.

माझा भाचा शिकायला आमच्याकडे असतो. त्याच्याकडे दीडशे सीसीची फेअरिंगवाली (म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कवच असलेली) गाडी आहे, फ्यूएल इंजेक्शनची, २०१६ ची, सेकंड हॅण्ड घेतलेली. आधीच्या मालकाने ती लॉकडाऊनमध्ये गावी शेडमध्ये अर्ध्या टाकीवर तशीच उभी ठेवली होती, दीड-दोन वर्षं कुणी हात लावला नाही. घेतली तेव्हा चकाचक होती. सहा महिन्यांनी त्रास सुरू झाला, जरा ॲक्सिलरेटर पिळला की गाडी झटके द्यायची, हायवेला मध्येच बंद पडायची, पाच मिनिटं थांबलं की परत चालू. एका सर्व्हिस सेंटरला दोनदा टाकली (नाव लिहीत नाही), एकदा प्लग बदलला, एकदा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारा भाग) साफ केला, बिल दोन्ही वेळा लागलं आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा तशीच. टाकीत डोकावून कुणी बघितलंच नाही.

शेवटी मी एका रविवारी झाकण उघडून सेलच्या बॅटरीने आत बघितलं. पेट्रोलचा रंग काळ्या चहासारखा झालेला, आणि तळाला, जिथे पंप बसतो त्याच्या कडेने, भाजलेल्या रव्यासारखा थर. लोहचुंबक दोऱ्याला बांधून आत सोडला, वर आला तेव्हा त्याला तांबडी-काळी दाढी आली होती. गंज. इंजेक्टर कितीही वेळा साफ करा, वरून गंज येतच राहणार.

आता हा गंज आला कुठून ते सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि पावसाळा तोंडावर आहे. स्पोर्ट्स बाईकचं पेट्रोलचं झाकण टाकीत खोल बसवलेलं असतं, त्याच्या भोवती जी खोबण असते तिच्यात पाणी साचतं म्हणून तिथे मुगाच्या दाण्याएवढं एक भोक ठेवलेलं असतं, त्याला आतून नळी असते आणि ती नळी गाडीच्या पोटाखाली निघते. धुळीने हे भोक बुजलं की पावसाचं आणि गाडी धुतल्याचं पाणी तिथेच तुंबतं, आणि झाकणाचं रबर जुनं झालेलं असेल तर थेंब थेंब टाकीत उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते जाऊन तळाला बसतं. भाच्याच्या गाडीचं ते भोक चिखलाने गच्च भरलेलं होतं, सुई घातली तर निघेना, सायकलच्या पंपाने हवा मारली तेव्हा मोकळं झालं.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२२ साली १० टक्के मिश्रण देशभर गाठलं, २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं होतं. माझ्या मामांचा ऊस आहे, इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा येतो हे मला कळतं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं ही गोष्ट खरी आहे. थोडं पाणी ते आपल्यात विरघळवून घेतं, पाणी जास्त झालं की मात्र इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात, म्हणजे बरोबर पंपाच्या तोंडाशी. रोज चालणाऱ्या गाडीला याचा एवढा त्रास नाही, महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला आहे. म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर झाकणाभोवतीचं भोक मोकळं आहे का ते आधी बघा, आणि टाकी भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

असो. टाकी इतकी सडली होती की साफ करून आतून कोटिंग करण्यात अर्थ नव्हता, एका शिवणीजवळ बाहेरून रंगाला फोड पण आला होता. नवीन टाकी मागवली, दहा हजारांच्या वर गेली, त्याच रंगाची घेतली (रंग आरसीवर लिहिलेला असतो, दुसऱ्या रंगाची टाकी बसवून गाडीचा रंगच बदलला तर आरटीओत तशी नोंद करावी लागते). सर्व्हिस सेंटरला विचारलं तर दहा दिवस वेटिंग, गाडी ठेवून जा म्हणाले. मी म्हटलं घरीच करू, रविवारी.

रविवारी सकाळी मी मंडईत गेलो होतो. परत आलो तर भाच्याने माझी वाट न बघता काम काढलेलं. सीट काढली होती, टाकीत पाईप घालून तोंडाने ओढून पेट्रोल रंगाच्या प्लास्टिकच्या बादलीत सोडलं होतं, बादली अर्धी भरलेली, उघडी, आणि कुठे तर पार्किंगमध्ये मीटर बोर्डच्या खाली, सावली आहे म्हणून. त्या भिंतीवरच आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचा स्टार्टर आहे आणि तो ऑटोमॅटिक आहे, वरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की आपोआप खट्ट करून लागतो. दिवसातून तीन-चार वेळा लागतो. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते, कुठल्याही स्टार्टरमध्ये पडतेच.

मी ते बघतोय तोवर तळमजल्याच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, म्हणाल्या, "अरे, किचनमध्ये कसला वास मारतोय, मला वाटलं सिलिंडर गळतोय, चहा ठेवणार होते ती थांबले." काकूंच्या किचनची खिडकी पार्किंगकडे आहे, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर, आणि बादलीपासून बारा-पंधरा फूट.

त्या थांबल्या म्हणून. एवढंच.

मी पळत जाऊन आधी मोटरचा मेन स्विच बंद करणार होतो, मग लक्षात आलं की स्विच बंद करतानाही ठिणगी पडते, म्हणून त्याला हात लावला नाही. काकूंना म्हटलं गॅस, लाईट, पंखा कशालाच हात लावू नका, सगळ्या पुढच्या दाराने बाहेर या. बादलीवर ओलं गोणपाट टाकलं, भाच्याला बाजूला केलं आणि बादली हळूहळू उचलून बाहेर मोकळ्या जागेत नेली. ते वीस-पंचवीस पावलं चालताना स्टार्टर लागला असता तर हे पत्र दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं.

संपादक साहेब, भाचा माझा बेजबाबदार पोरगा नाही. अभ्यासू आहे, इंजिनिअरिंगला आहे, त्याने आदल्या रात्री दोन व्हिडिओ पूर्ण बघितले होते. कुठला बोल्ट कितीचा, कुठली क्लिप कुठे, सगळं पाठ होतं त्याला. पण "आता टाकी रिकामी करून घ्या" या एका वाक्यावर ते व्हिडिओ पुढे गेले. रिकामी कशी करायची, कशात, कुठे, हे कुणी सांगितलंच नाही, आणि त्याच्या मनात आलं नाही यात त्याचा दोष मी धरत नाही. मला स्वतःला हे कळतं ते कंपनीमुळे. आमच्याकडे तेलाच्या रिकाम्या पिंपाजवळ ग्राइंडर चालवायचा तरी आधी परमिट लागतं, सेफ्टीवाला येऊन बघतो मग सही करतो. घरी कोण बघणार?

म्हणून जे त्या दिवशी नंतर नीट केलं ते सांगतो, कोणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, टाकी रिकामी करायची वेळच येऊ देऊ नका, गाडी चालत असेल तर रिझर्व्हला येईपर्यंत चालवा. बारा लिटरची टाकी भरलेली असली तर नुसतं पेट्रोलच नऊ किलोच्या आसपास भरतं, रिझर्व्हला आणली की दीड-दोन लिटर उरतं, उचलायलाही सोपं आणि धोकाही कमी. तरी काढावं लागलं तर दाबायच्या रबरी फुग्याचा हातपंप मिळतो, अगदी स्वस्त, तो वापरा. तोंडाने ओढू नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं पण चुकून पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि पोटात गेलं तर मुद्दाम उलटी करवायची नाही, सरळ दवाखाना.

काढायचं ते झाकणवाल्या पत्र्याच्या डब्यात, डबा जमिनीवर ठेवून. प्लास्टिकच्या बादलीत पेट्रोल पडताना स्थिर वीज साठते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. तसंही आपला १९३४ चा पेट्रोलियम कायदा हेच सांगतो, विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं पण घट्ट बुचाच्या भांड्यात, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. त्यात प्लास्टिकच्या बादलीचं नाव नाही, पाण्याच्या बाटलीचं तर नाहीच.

दुसरं, जागा. पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये काय होत असेल ते बघा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते आणि उताराने, जिन्याखाली, ड्रेनेजच्या जाळीत, तळमजल्याच्या खिडकीत जाते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्क्यापासून ७.६ टक्क्यांपर्यंत काहीही असलं की एक ठिणगी पुरते. म्हणून पार्किंग नको, गॅरेज नको, गॅलरी तर नकोच नको. गाडी ढकलत मोकळ्या जागेत न्या, इंजिन पूर्ण गार झालेलं असू द्या, इन्व्हर्टर, मोटर, देवाचा दिवा, कुणाची विडी काही जवळपास नसू द्या. शेजाऱ्यांना आधी सांगा. आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा, एबीसी पावडरचा, आणि वाळूची बादली. पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

बाकी नट-बोल्टचं काम खरंच अवघड नाही, हे पण सांगायला हवं, नाहीतर माझं पत्र वाचून लोक घाबरतील. ॲलन कीचा सेट, दहाचा-बाराचा टी स्पॅनर, आणि काढलेले बोल्ट ठेवायला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढायचं आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच त्यात खोचायचा, कारण फेअरिंगचे बोल्ट दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात, लांब बोल्ट चुकीच्या जागी पिळला की आतलं प्लास्टिक फुटतं. फेअरिंगचे खुंट रबरात बसवलेले असतात, ते सरळ बाहेर ओढायचे, तिरकं ओढलं की मोडतात.

इंजेक्शनच्या गाडीत एक गोष्ट कार्ब्युरेटरच्या गाडीपेक्षा वेगळी आहे. पाईपमध्ये प्रेशर असतं, अडीच-तीन बारचं, चालत्या गाडीचा पाईप सरळ काढला तर पेट्रोलची चिळकांडी डोळ्यात जाते. आधी टाकीखालचा पंपाचा कनेक्टर काढा आणि गाडी चालू करा, पाईपमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल, परत एकदा सेल्फ मारा, मग किल्ली काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. हे सगळं झाकण उघडायच्या आणि पेट्रोल काढायच्या आधी, हा क्रम महत्त्वाचा आहे. मग पाईपच्या क्लिपखाली चिंधी धरून क्लिप दोन्ही बाजूंनी दाबून सोडवायची, चार थेंब येतातच. मग झाकणाच्या पाण्याची नळी आणि हवेची नळी, दोन्हीला वेगळी खूण करून ठेवा. मागचा बोल्ट काढला की टाकी मागून उचलून मागे ओढायची, पुढे ती रबरांवर नुसती अडकलेली असते.

जुन्या टाकीतून पंप काढताना सगळे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. पंपाखालची रबरी रिंग नवीनच घ्या, हे मी हात जोडून सांगतो. जुनी रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते, ती खोबणीत परत बसत नाही, बसल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांनी टाकी भरली की गरम इंजिनवर ठिबकते. भाच्याने जुनीच दाबून बसवायला घेतली होती, दीडशे-दोनशे रुपयांची गोष्ट. पंपाची जाळी गंजाने भरली असेल तर तीही बदला. बसवताना बोल्ट परत समोरासमोर, हलक्या हाताने, छोटे बोल्ट आहेत, ताकद लावली की टाकीतली आटी जाते आणि मग नवी टाकी पण गेली. झाकण जुनंच बसवायचं म्हणजे किल्ली तीच चालते.

सगळं जोडल्यावर फेअरिंग लगेच चढवू नका. एक लिटर पेट्रोल टाका, किल्ली ऑन करा, पंप दोन-तीन सेकंद झूंऽऽ करून थांबतो, असं तीन वेळा करा आणि पंपाभोवती, क्लिपभोवती कोरडं बोट फिरवा, कागद धरा. कोरडं असेल तर अर्धी टाकी भरून तासभर थांबा, मग फेअरिंग. आमचं काम तीन तासांत झालं आणि तेव्हापासून गाडीने एकदाही झटका दिला नाही.

आता जुन्या टाकीचं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, हे कुणाला पटत नाही पण तसंच आहे. भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. कित्येक जण भोक पडलेली टाकी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेतात, तो बिचारा दोनशे रुपयांसाठी टॉर्च लावतो. नीट जाणणारा मेस्त्री आधी टाकी धुऊन काठोकाठ पाण्याने भरून घेतो, वरती फक्त सांध्यापुरती जागा ठेवतो, तुमचा मेस्त्री हे करत नसेल तर टाकी उचलून घरी आणा. भंगारवाल्याला द्यायची तरी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळून, झाकणाचं तोंड उघडं ठेवून, चार-पाच दिवस मोकळ्या हवेत ठेवा, आणि त्याला सांगून द्या की ही पेट्रोलची टाकी आहे, कटर लावू नको. काढलेलं गढूळ पेट्रोल आणि टाकी खंगाळलेलं पहिलं पाणी गटारात ओतू नका. पेट्रोल बंद डब्यात दोन दिवस निवळू दिलं की गंज आणि पाणी तळाला बसतं, ते सगळंच ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्या, तो त्याच्या टाकाऊ तेलाबरोबर देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरी काम करणारी पोरं थांबणार नाहीत, आणि थांबावीत असंही मला वाटत नाही, हाताने काम शिकलेलं चांगलंच. पण त्यांना सांगतं कोण? गाडीबरोबर जे पुस्तक मिळालं ते इंग्रजीत, त्यात टाकीच्या बाबतीत अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जा यापलीकडे एक ओळ नाही. खरं सर्व्हिस मॅन्युअल, ज्यात टॉर्क (कुठला बोल्ट किती घट्ट पिळायचा), क्रम, धोक्याच्या सूचना असतात, ते मालकाला मिळत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत, मग ही माहिती मराठीत मिळावी अशी मागणी आपण का करू नये? निदान पेट्रोल काढण्याचं एक पान, चित्रांसकट, प्रत्येक गाडीबरोबर मराठीत द्यायला कंपन्यांना काय अडचण आहे? आयटीआयमध्ये टू-व्हीलरचा कोर्स शिकवणारे शिक्षक आहेत, त्यांनी एक रविवार सोसायट्यांमध्ये दाखवलं तरी पुष्कळ होईल, आमच्या सोसायटीत मी ते सुरू करतोय, पुढच्या रविवारी, पार्किंगमध्ये नाही, मागच्या मैदानात.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरी लोकांना एक विनंती, तुमच्या पार्किंगमधला मोटरचा स्टार्टर आणि मीटर बोर्ड एकदा जाऊन बघा, त्याच्या खाली काय काय ठेवलंय. आमच्याकडे त्या बादलीशिवाय थिनरचा डबा आणि दोन जुन्या गाद्या निघाल्या.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला गाड्यांचं पान असतं, नवीन मॉडेल, मायलेज, किंमत. त्यात पावसाळ्याआधी एकदा हा विषय घ्या. जुन्या टाकीच्या तळाचे, त्या बुजलेल्या भोकाचे आणि आमच्या स्टार्टरच्या जागेचे फोटो माझ्याकडे आहेत, मागितले तर लगेच पाठवतो, काकूंच्या खिडकीचा पण आहे, त्यांना विचारून काढलाय.

आपला,
एक जुना वाचक
निगडी, पिंपरी-चिंचवड